पॅनिक अटॅकची धडधड, चक्कर, मुंग्या : सात-आठ महिन्यांत काय कामी आलं, काय नाही

गेल्या दिवाळीपासून मी जे जे करून पाहिलं, त्याचा हा अनुभव आहे. मी अमळनेरहून जळगावला रोज रेल्वेने अपडाऊन करते. पॅनिक अटॅकचे, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे, बहुतेक झटके धरणगाव ते पाळधीच्या मध्ये, डब्यात दाटीवाटी असताना यायचे. छातीत धडधड, घशात आवंढा, हाताला मुंग्या आणि आता आपण इथेच पडणार अशी खात्री.

सगळ्यात आधी तपासण्या. आपल्याकडे छातीत धडधडलं की घरातले लगेच म्हणतात, 'गॅस झाला असेल, शेवभाजी बाधली.' ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर एकदा बघून घ्याच. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते. माझं सगळं नॉर्मल आलं आणि डॉक्टरांनी मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं. छातीतलं दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, चालताना-चढताना वाढत असेल, तर खालचं काहीही करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

श्वासाचा व्यायाम सगळेच सांगतात, पण अर्धवट सांगतात. 'खोल श्वास घे' हा सल्ला मला तरी बाधला. झटक्यात आपण आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात ऑक्सिजन कमी पडत नाही, उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम उतरतं म्हणून ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. हे कळलं त्या दिवशी मुंग्यांची अर्धी भीती गेली. म्हणून भर श्वास सोडण्यावर हवा. नाकाने चार आकडे मोजून हलका श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सहा आकडे सोडायचा. हात पोटावर ठेवायचा, छाती फार हलू द्यायची नाही. चार-पाच मिनिटं लागतात. रोज सकाळी शांतपणे सराव केला तरच गाडीत जमतं, ऐन वेळी नव्याने शिकता येत नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय कोणी सांगितला तर करू नका. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो जिवावर बेतू शकतो.

थंड पाण्याचा उपाय लवकर लागू पडतो. माठाच्या पाण्यात भिजवलेला रुमाल डोळ्यांवर आणि गालांवर दाबून धरला की ठोके खरंच उतरतात. तोंड पाण्यात बुडालं की शरीर हृदयाची गती कमी करतं, तीच ही प्रतिक्रिया. हृदयाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. परिणाम थोडाच वेळ टिकतो.

आजूबाजूच्या पाच वस्तू बघा, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका, हा प्रकार मला फारसा मानवला नाही. मैत्रिणीला याचाच आधार आहे. मनगटावरच्या घड्याळात ठोके बघायचं बंद केलं, त्याने मात्र मोठा फरक पडला. आकडा बघितला की भीती वाढते, भीतीने आकडा वाढतो.

खरा फरक ज्याने पडला ते ऐकायला विचित्र वाटेल. समुपदेशक ताईंनी ही लक्षणं मुद्दाम आणायला लावली. खुर्चीत बसून मिनिटभर जोरजोरात श्वास, जागच्या जागी गोल फिरणं, नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास, जिना भराभर चढणं. प्रत्येक वेळी तीच धडधड, तीच चक्कर, आणि काही न करता थांबलं की ती आपोआप ओसरते. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन उतरू लागतो, हे वाचून माहीत होतंच, शरीराला ते अशा सरावाने पटलं. आता डब्यात छाती उडायला लागली की 'हे तर जिन्यावरचंच' असं वाटतं. हा सराव पहिल्यांदा जाणकाराच्या समोरच करा. दमा, फिट, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर त्यांना आधी सांगा.

रोजची गोळीही चालू आहे. असल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, सुरुवातीला उलट अस्वस्थता वाढू शकते. तेवढ्यावरून सोडू नका, डॉक्टरांशी बोला. झटका आला की घ्यायच्या गुंगीच्या गोळ्यांची सवय लागू शकते, त्या मनाने वाढवू नका.

आपल्या खान्देशातल्या लोकांसाठी मे महिन्याचं वेगळं सांगते. पारा ४४-४५ ला गेला की पाणी कमी पडूनही धडधड आणि चक्कर येते. दुपारी स्टेशनवर त्रास झाला तर मी आधी सावली गाठते, मीठ-साखर-लिंबाचं पाणी पिते, मग श्वासाकडे वळते. अंग भट्टीसारखं तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून ताबडतोब दवाखान्यात न्या. कोरा चहा मी निम्मा केला, कॅफिनने ठोके वाढतात.

घरच्यांना शिकवणंही उपायातच धरा. पूर्वी झटका आला की सगळे गोळा व्हायचे, कोणी कांदा हुंगायला द्यायचं, कोणी मीठ-मोहरी उतरवायचं. आता सासूबाई एकट्याच शेजारी बसतात, पाठीवर हात ठेवतात आणि 'हयूहयू (हळूहळू) सोड बेटा' म्हणत माझ्याबरोबर श्वास सोडतात. बाकीचे खोलीबाहेर.

रात्री झोपेतून दचकून उठवणारे झटके अजून पूर्ण गेलेले नाहीत, त्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं चालू आहे. ज्यांच्या तालुक्यात मानसोपचार तज्ज्ञच नाही, त्यांनी १४४१६ लावावा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास मिळते आणि मराठीत बोलता येतं.