परदेशी खरेदीदारांचं सशुल्क पोर्टल आणि फुकटचं ई-पिंग : काही महिन्यांच्या वापरानंतर

पोर्टलवाल्यांनी न विचारता वर्गणी पुढे वाढवली आणि पैसे कापले, म्हणून हे लिहितोय. तक्रार चालू आहे, त्यामुळे नाव घेत नाही. ‘खात्रीशीर खरेदीदारांची यादी’ विकणाऱ्यांपैकीच एक. यादीतले बरेचसे ई-मेल परत येतात, उत्तर देतात ते बहुतेक मालवाहतुकीचे एजंट. विचारलं की ‘डेटा अपडेट होतोय’. होऊ दे.

माझा खरा राग आहे तो शोधाच्या चौकटीवर. तिथे एचएस कोड (सीमाशुल्कासाठी प्रत्येक प्रकारच्या मालाला दिलेला सहा आकडी क्रमांक) टाकायची सोयच नाही, फक्त मालाचं नाव! आम्ही कापडी पिशव्या पाठवतो. खरेदीला न्यायची पिशवी ४२०२.९२ मध्ये जाते, माल भरायची सुती पिशवी ६३०५.२० मध्ये. ‘कॉटन बॅग’ टाकलं की दोन्हींची खिचडी. शुल्क वेगळं, गिऱ्हाईक वेगळं, आणि हे पोर्टल दोन्ही एकाच यादीत दाखवतं. जागतिक सीमाशुल्क संघटनेचे हे सहा आकडे १९८८ पासून लागू आहेत आणि दोनशेहून जास्त देश-प्रदेश ते वापरतात. निर्यातीची माहिती विकणाऱ्याला ते माहीत नसावेत? (सहाच्या पुढचे आकडे ज्या त्या देशाचे. ते खरेदीदाराच्या कस्टम्स एजंटकडूनच घ्या.)

या वैतागात ग्लोबल ट्रेड हेल्पडेस्क उघडलं. आयटीसी (आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र), अंक्टाड (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद) आणि जागतिक व्यापार संघटना यांनी मिळून चालवलेलं, फुकट. कोड आणि देश टाकला की शुल्क, अटी, लागणारी कागदपत्रं एका जागी. आयात-निर्यातीच्या आकड्यांसाठी आयटीसीचा ट्रेड मॅप आहे, पण एखाद्या देशाने आकडे दिले नसतील तर त्याच्याशी व्यापार करणाऱ्या देशांच्या आकड्यांवरून ते भरलेले असतात. आलेख बघून लगेच माल काढू नका.

आता ई-पिंग, म्हणजे देशोदेशीच्या येऊ घातलेल्या नियमांची सूचना मेलने देणारी सेवा. २०१६ पासून आहे, हेही फुकट. व्यापारावर परिणाम करू शकेल असा नवा तांत्रिक किंवा आरोग्यविषयक नियम आणायचा असेल, तर सदस्य देशाला त्याचा मसुदा जागतिक व्यापार संघटनेला आधी कळवावा लागतो. हरकतींसाठी साधारण ६० दिवस द्यावेत असा संकेत आहे. ही सूचना ई-पिंग मेलने पाठवतं. सुरुवातीला मी सगळे देश ठेवले होते, तेव्हा रोज इतके मेल यायचे की याला दोनच तारे देणार होतो. मग आमचे दोन कोड, माल जातो तेवढेच देश आणि आठवड्याला एक मेल असं ठरवलं. आता पाच तारे. सूचना थोडक्यात असते आणि वाचता येते. मूळ मसुदा मात्र पुष्कळदा त्या देशाच्याच भाषेत, त्यासाठी अर्धा तारा मनातल्या मनात कापतो.

गेल्या महिन्यात अशाच मेलमधून कळलं, की आमच्या एका बाजारात कापडी मालाच्या लेबलवर धाग्यांचं प्रमाण कसं लिहायचं ते बदलणार आहे. पैसे घेणाऱ्या पोर्टलवर याचा मागमूसही नव्हता. अशा प्रश्नांसाठी प्रत्येक सदस्य देशाला चौकशी केंद्र ठेवावं लागतं. आधी शिवलेल्या मालाला सूट आहे का, हे तिथे विचारलंय. उत्तर येईपर्यंत नवी लेबलं छापायला टाकलेली नाहीत.