हवेतून पाणी काढणारं मशीन, सिन्नरच्या घरी ८ महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत घेतलं. आमच्या बोरला मार्चनंतर पाणी राहत नाही, जे येतं ते खारं, आईला मुतखड्याचा त्रास, म्हणून निदान तिच्या पिण्यापुरतं तरी चांगलं पाणी मिळावं एवढंच डोक्यात होतं.

मशीनवर लिहिलंय दिवसाला २५ लिटर. पण हा आकडा ३० डिग्री तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो हे विकणाऱ्याने सांगितलंच नाही, त्याचा राग अजून गेला नाही, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारची हवा किती कोरडी असते ते नाशिककरांना सांगायला नको. चोवीस तास चालवून ५-६ लिटर, आणि मीटर बघितला तर १० युनिट!

एकदा दुपारी मशीनचा आवाज येतोय पण थेंब नाही, मागचं झाकण काढलं तर कॉइलवर पांढरा बर्फ धरलेला. आत फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर असतो, कॉइल गार करायची आणि हवेतली वाफ तिच्यावर दवासारखी धरायची, पण हवा कोरडी असली की कॉइल फार गार करावी लागते, त्यात आमच्याकडच्या धुळीने फिल्टर चोंदलेला, मग पाणी गळायच्या आधीच गोठतं. तेव्हापासून दर रविवारी फिल्टर धुतो.

खरा उपाय मेव्हण्याने सांगितला. त्याची निफाडला द्राक्षं आहेत, दव पडलं की डाऊनीचं, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचं टेन्शन, त्यामुळे पहाटेच्या हवेवर त्याचं बारीक लक्ष. म्हणाला, दाजी, दव पहाटे पडतं आणि तुम्ही मशीन भर दुपारी का चालवता? मग टायमर लावला, रात्री २ ते सकाळी ८. मे महिन्यात तेवढ्यात ३ लिटर मिळायला लागलं आणि लाईट जळायची पावणेतीन युनिट. आईचं भागलं.

जुलै-ऑगस्टला विचारू नका, दिवसाला २० लिटरच्या वर, पण तेव्हा गरज कुठे असते.

पाणी चवीला छान आहे, मिनरलची कार्ट्रिज मात्र वेळेवर बदला. गावाला गेलात तर टाकी रिकामी करून जा, आम्ही आठवडाभर तशीच ठेवली तर वास यायला लागला होता.

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं त्या एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेलं, बारीक छिद्रांचं) मटेरियलने वाळवंटातल्या हवेतूनही पाणी काढून दाखवलंय, ते घरगुती मशीनमध्ये परवडेल अशा किमतीत यावं असं मनापासून वाटतं, दुष्काळी तालुक्यांना त्याचीच गरज आहे. आत्ताचं मशीन घेणार असाल तर मे महिन्यात किती लिटर देईल ते विकणाऱ्याकडून लेखी घ्या.