दुसऱ्या वाचनासाठी अर्थसी

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांचे अर्थसी या बेटांच्या आणि जादूगारांच्या काल्पनिक जगाविषयीचे सगळे लेखन एकाच जिल्दीत आणणारा ‘द बुक्स ऑफ अर्थसी’ हा सचित्र ग्रंथ ऑक्टोबर २०१८ मध्ये, लेखिकेच्या निधनानंतर नऊ महिन्यांनी प्रसिद्ध झाला. सुमारे हजार पानांचा हा ग्रंथ विकत घ्यावा का, असे कोणी विचारले, तर ही मालिका आधी वाचली आहे का, एवढेच मी त्याला विचारीन. वाचली नसेल, तर पहिल्या तीन कादंबऱ्यांच्या सुट्या, खिशाला आणि हाताला हलक्या प्रती घ्याव्यात. वाचली असेल, तर मात्र हा ग्रंथ जवळ असावा. कारण या मालिकेचा उत्तरार्धच मुळी पुनर्वाचनातून जन्मलेला आहे, आणि ते पुनर्वाचन खुद्द लेखिकेने केलेले आहे.

पहिली कादंबरी १९६८ मध्ये बर्कलीच्या पार्नासस प्रेसने किशोरवयीन वाचकांसाठी काढली. तिच्यापाठोपाठ १९७१ आणि १९७२ मध्ये पुढच्या दोन आल्या आणि त्रयी पूर्ण झाली असे सर्वांनी धरले. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘तेहानू’ ही चौथी कादंबरी आली. ‘अर्थसीचे शेवटचे पुस्तक’ असे तिच्या उपशीर्षकातच म्हटले होते. तरीही २००१ मध्ये एक कथासंग्रह आणि आणखी एक कादंबरी प्रसिद्ध झालीच. या उत्तरार्धात ले ग्विन यांनी आपल्याच जगाकडे परत जाऊन, तिथे सत्ता कोणाकडे होती, बोलण्याचा अधिकार कोणाला होता आणि घरकाम करणाऱ्या बायका त्या वेळी कुठे होत्या, हे प्रश्न विचारले. जुन्या पुस्तकांतला एकही शब्द न बदलता त्यांनी त्यांचा अर्थ बदलून टाकला, आणि त्यामुळे मालिका संपवून पुन्हा पहिल्या पानावर येणाऱ्या वाचकाच्या हाती जवळजवळ नवेच पुस्तक पडते.

(ज्यांना कथानक आधी कळू द्यायचे नसेल, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.)

पहिल्या कादंबरीच्या आरंभी गाँट बेटावरील बायकांच्या जादूविषयी एक म्हण येते: ती दुबळी असते आणि दुष्टही असते. प्रथम वाचताना आपण ती स्थानिक रंग म्हणून सहज ओलांडतो. ‘तेहानू’मध्ये दुसऱ्या कादंबरीची नायिका तेनार, आता विधवा आणि मध्यमवयीन, एका भाजलेल्या, टाकून दिलेल्या मुलीला वाढवताना पाहिल्यावर तीच म्हण जिव्हारी लागते. रोक बेटावरील जादूगारांच्या विद्यालयाचेही असेच होते. पहिल्या कादंबरीचा नायक गेड तिथे शिकायला जातो तेव्हा तिथे एकही स्त्री नाही, आणि पहिल्या वाचनात हे कोणाच्या लक्षातही येत नाही; पुढे ‘द फाइंडर’ या दीर्घकथेत त्या विद्यालयाच्या स्थापनेत स्त्रियांचा किती मोठा वाटा होता हे कळले, की मागे जाऊन वाचताना त्या प्रशस्त दालनांतले गुरुजनांचे बोलणे निराळ्याच कानांनी ऐकले जाते. रे आल्बीच्या टेकडीवरचे सरदाराचे घर पहिल्या कादंबरीत अगदी ओझरते येते. तिथल्या मुलीच्या चिथावणीने गेड आपल्या गुरूचा, ओगियनचा, ग्रंथ उघडतो आणि संकट ओढवून घेतो. चौथ्या कादंबरीतले विष त्याच घरातून येते, हे ठाऊक असलेल्या वाचकाला तो छोटासा प्रसंग पुरता अस्वस्थ करतो.

मला सर्वांत अधिक आवडते ती तुटक्या कंकणाची जागा. समुद्रातल्या एका ओसाड वाळूच्या पट्ट्यावर टाकून दिलेली एक म्हातारी गेडला धातूचा अर्धा तुकडा देते. निवेदक त्याचे भावी महत्त्व दोन-तीन वाक्यांत सांगून मोकळा होतो आणि कथा गेडने स्वतःच मोकळ्या सोडलेल्या छायेच्या पाठलागाकडे वळते. सारे लक्ष त्या पाठलागात गुंतलेले असल्याने पहिल्या वेळी आपण हा तुकडा विसरून जातो. अटुआनच्या थडग्यांखालील चक्रव्यूहात त्याचाच दुसरा अर्धा भाग सापडतो आणि दुसरी कादंबरी तर त्याच्यावरच उभी आहे. मृतांच्या कोरड्या प्रदेशाची दगडी भिंतही अशीच आहे. तिसऱ्या कादंबरीत गेड आपली सारी विद्या खर्चून जगांमधली फट बुजवतो, तेव्हा आपल्याला तो विजय वाटतो. ‘दि अदर विंड’ या शेवटच्या कादंबरीत ती भिंतच पाडली जाते आणि मृत मुक्त होतात. एवढे वाचून झाल्यावर त्या विजयाकडे पूर्वीच्या भाबड्या समाधानाने पाहता येत नाही. सुट्या प्रतींमध्ये अशी ये-जा करताना चार पुस्तके उघडी ठेवावी लागतात. एका जिल्दीत ती बोटांनी पाने चाळून होते, आणि हीच या ग्रंथाची खरी सोय आहे.

चार्ल्स व्हेस यांनी या आवृत्तीसाठी पन्नासहून अधिक चित्रे काढली असून, त्यांत रंगीतही आहेत आणि कृष्णधवलही. ले ग्विन यांच्याशी सुमारे चार वर्षे विचारविनिमय करून त्यांनी हे काम केले. गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आणि त्याचा मित्र व्हेच काळा, हे लेखिकेने पहिल्यापासून स्पष्ट लिहिलेले असूनही अनेक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गेड गोरा झाला होता. इथे तो मूळ मजकुराबरहुकूम दिसतो, हे समाधानकारक आहे. व्हेस यांचे समुद्र आणि ड्रॅगन मला फार आवडले. माणसांच्या चेहऱ्यांबाबत मात्र माझे मन साशंक आहे, कारण वर्षानुवर्षे आपल्या कल्पनेत राहिलेल्या तेनारला कोणा दुसऱ्याने दिलेला चेहरा, तो कितीही सुरेख असला, तरी उपराच वाटतो. प्रथम वाचणाऱ्यांनी हा ग्रंथ घेऊ नये असे म्हणण्याचे हे दुसरे कारण आहे: त्यांना तो स्वतःचा चेहरा घडवण्याची संधीच मिळत नाही.

गैरसोय वजनाची आहे. पाट्यासारखा जड हा ग्रंथ आडवे पडून वाचता येत नाही, प्रवासात नेता येत नाही. तो मेजावर किंवा मांडीवर उशी घेऊनच वाचावा लागतो. किंमतही बेताची नाही. कागद व छपाई पाहता ती अवाजवी म्हणता येणार नाही, तरी घेण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयातून हाताळून पाहावा.

शेवटच्या भागात १९६४ मधल्या दोन लघुकथा येतात, ज्यांच्यात हे जग प्रथम चाचपले गेले होते; त्यांच्याबरोबर दोन नंतरच्या कथा आणि ले ग्विन यांनी १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेले ‘अर्थसी रिव्हिजन्ड’ हे व्याख्यानही आहे. लघुकथा ठीकच आहेत. व्याख्यान मात्र चुकवू नये. पुरुषांनी घडवलेल्या वीरकथेच्या साच्यात आपण का लिहीत होतो आणि ‘तेहानू’मध्ये त्यातून बाहेर कसे पडलो, याची कारणे त्या तिथे स्वतः देतात, म्हणून ते अखेरीस न ठेवता तिसऱ्या आणि चौथ्या कादंबरीच्या मध्ये वाचावे असे मी सुचवीन.