डिजिटल एक्स-रे पॅनल, 14 महिन्यांनंतर: मोडलेली हाडं पाहणाऱ्यांसाठी

कुत्र्या-मांजरांची मोडलेली हाडं बसवणं हे माझं रोजचं काम. आधी 11 वर्षं फिल्मवर काढली, मग काही काळ कॅसेट रीडर वापरला आणि गेले 14 महिने हा बिनतारी फ्लॅट पॅनल, म्हणजे फिल्मऐवजी किरण टिपून चित्र थेट संगणकावर पाठवणारी पाटी, आणि त्याच्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर वापरते आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण ज्या अडचणीबद्दल मला मुख्यतः लिहायचं आहे ती या एका पॅनलपुरती नाही.

आधी तीच अडचण सांगते. दोन किलोची, छोट्या जातीची कुत्री. उंचावरून उडी मारली आणि पुढच्या पायाची रेडियस-अल्ना, ही कोपर ते मनगट शेजारी-शेजारी असणारी दोन हाडं, मनगटाच्या थोडी वर मोडली. या छोट्या जातींमध्ये त्या जागी हाडाला रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो आणि भोवती स्नायूंचं आवरणही जवळजवळ नसतं. हाड जुळायला वेळ लागतो, कधी कधी जुळतच नाही. स्क्रूंनी धातूची प्लेट बसवली. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये सहाच्या सहा स्क्रूंभोवती काळी कड दिसली. स्क्रूभोवती काळं म्हणजे हाड विरघळतंय, स्क्रू सैल झालाय किंवा आत संसर्ग आहे, हेच आम्ही शिकलेलो. मी प्लेट काढायचा दिवस ठरवूनही टाकला. रात्री पुन्हा तोच फोटो उघडून बसले, तेव्हा लक्षात आलं की तशीच काळी कड प्लेटच्या बाहेरच्या बाजूलाही आहे, जिथे पलीकडे हाड नाही, नुसती कातडी आहे. आणि डावा-उजवा पाय ओळखायला ठेवलेल्या शिशाच्या अक्षराभोवतीही!

याला उबरश्विंगर म्हणतात. कडा ठळक दिसाव्यात म्हणून सॉफ्टवेअर चित्रावर प्रक्रिया करतं. धातू आणि हाड यांच्या घनतेत फार मोठा फरक असतो, तिथे ही प्रक्रिया हद्दीबाहेर जाते आणि धातूला चिकटून एक खोटी काळी रेघ उमटते. आमच्या पॅनलचा 'हातपाय' हा मूळ प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून दिलेली सेटिंग, कडा भलत्याच ताणतो. मूळ डेटावर कडांची तीव्रता अगदी खाली आणून तोच फोटो पुन्हा प्रोसेस केला आणि काळी कड जवळपास नाहीशी झाली. शस्त्रक्रिया रद्द केली. दहाव्या आठवड्यात रेडियस जुळलेली होती. न केलेल्या त्या शस्त्रक्रियेचा विचार आजही मनातून जात नाही.

माझी तक्रार इथे आहे. पॅनल बसवायला आलेल्या माणसाने दोन दिवस प्रशिक्षण दिलं, पण धातू असलेल्या हाडासाठी वेगळा प्रीसेट करून घ्यावा लागतो हे सांगितलं नाही. पुन्हा प्रोसेस करायचं बटण तिसऱ्या मेन्यूच्या पोटात आहे. मूळ डेटा फक्त 30 दिवस राहतो, त्यानंतर प्रोसेस केलेलं चित्रच उरतं. हाड जुळायला आठवड्यांमागून आठवडे लागतात, तिथे 30 दिवस कसे पुरणार?

खरं सैल झालेलं कसं दिसतं, तेही याच पॅनलवर पाहिलं. मोठा कुत्रा, मांडीच्या हाडाला प्लेट. काळं होतं ते फक्त खालच्या दोन स्क्रूंभोवती, एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी. एका स्क्रूचं डोकं आधीच्या फोटोपेक्षा सुमारे 2 मिलिमीटर वर आलेलं. भोवतीचं मांस सुजलेलं आणि हाडाच्या पृष्ठभागावर ओबडधोबड नवं हाड. प्रोसेसिंग बदललं तरी त्या कडा तशाच राहिल्या. कल्चरमध्ये जंतू वाढले. प्लेट काढताना मृत हाडाचा एक तुकडाही निघाला. एक्स-रेवर तो काळ्या रिंगणात धारदार कडांचा, पांढराशुभ्र दिसत होता. खोटी कड सगळ्या धातूभोवती सारखी असते, खरी कड निवडक आणि वाकडीतिकडी. उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी: हाडातला साधारण 30 ते 50 टक्के खनिजभाग गेल्याशिवाय एक्स-रेवर काही दिसत नाही. पाय गरम आहे, कुत्रा पाय टेकवत नाही, आणि फोटो स्वच्छ आहे, तर माझा विश्वास पायावर.

आता ज्यासाठी मी हा पॅनल पुन्हा घेईन ते. एकाच जनावराचे चार तारखांचे फोटो शेजारी-शेजारी, एकाच मापात लावता येतात. फिल्मच्या काळात मी दिव्याच्या पेटीवर हेच करायचे, पण एक्स्पोजर, म्हणजे किरणांची मात्रा, प्रत्येक वेळी वेगळं असायचं. आता मोडल्यानंतर आठ-दहा दिवसांनी फटीची रेघ आधीपेक्षा रुंद दिसते, ती मी मालकांना न घाबरता दाखवते. टोकांचं मेलेलं हाड शरीर उचलून नेतं, म्हणून रेघ रुंदावते. कॅलसची, म्हणजे फटीभोवती जमणाऱ्या नव्या हाडाची, पहिली धुरकट छटा मोठ्या कुत्र्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत येते, पिल्लात त्याआधीच. आणि प्लेट घट्ट बसली असेल तर कॅलस फारसा दिसतच नाही, रेघ हळूहळू विरून जाते. तेव्हा कॅलस नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही.

प्रत्येक फेरीला मी चार गोष्टी त्याच क्रमाने बघते: हाडाची रेषा सरळ आहे का, टोकं एकमेकांना भिडलेली आहेत का, प्लेट-स्क्रू-पिना जागेवर आहेत का, आणि हाड स्वतः काय करतंय. चौथी सर्वांत अवघड. न जुळलेल्या हाडाचे दोन चेहरे असतात. एकात टोकं हत्तीच्या पायासारखी फुगतात, भरपूर कॅलस असतो, पण मधली रेघ हटत नाही. इथे जीव आहे, स्थैर्य नाही, तेव्हा पकड घट्ट करायची. दुसऱ्यात टोकं पेन्सिलीसारखी निमुळती होतात आणि कॅलसचा पत्ता नसतो. तिथे नुसती प्लेट बदलून भागत नाही, हाडाचं कलम लागतं. चारही फोटो एका ओळीत असले की हा फरक लवकर कळतो आणि वाट बघण्यात आठवडे जात नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये मोडलेलं हाड आपोआप शोधणारी सोय आहे. मी ती बंद केली. 16 आठवड्यांच्या पिल्लाच्या कोपराची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं तो कूर्चेचा पट्टा, तिने फ्रॅक्चर म्हणून लाल चौकटीत टाकली, दुसऱ्या एका कुत्र्यात हाडात शिरणाऱ्या रक्तवाहिनीचं छिद्रही. दुसरा पाय त्याच कोनात काढून शेजारी ठेवला की उत्तर मिळतं, त्याला यंत्र लागत नाही. शिवाय ज्याची मला खरी भीती वाटते ते तिला दिसणं शक्यच नाही. 1963 मध्ये सॉल्टर आणि हॅरिस यांनी ग्रोथ प्लेटच्या इजांचे पाच प्रकार सांगितले, त्यातला पाचवा म्हणजे चिरडलेली ग्रोथ प्लेट. कुत्र्यात अल्नाची खालची ग्रोथ प्लेट शंकूसारखी असल्यामुळे ती अशी चिरडते. इजेच्या दिवशी फोटो साफ असतो. काही आठवड्यांनी अल्ना वाढायची थांबते, रेडियस धनुष्यासारखी वाकते आणि पंजा बाहेर वळतो. म्हणून वाढत्या पिल्लाला मी दर दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही पायांच्या फोटोसाठी बोलावते.

बाकी थोडक्यात. पिक्सेल 140 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरमागे काळ्या-पांढऱ्या रेषांच्या साडेतीन जोड्या एवढीच सूक्ष्मता. मांजराच्या पंजातली केसासारखी भेग जुन्या बारीक दाण्याच्या फिल्मवर मला अधिक नीट दिसायची. तिथे मी तिसरा, तिरका फोटो काढते. एक्स्पोजर जास्त झालं तरी चित्र छान दिसतं, त्यामुळे जनावर धरून उभ्या असलेल्या माणसांना नकळत जास्त किरण मिळू शकतात. पॅनलवर किती किरण पडले ते सांगणारा एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा दर फोटोला बघावा. प्लेटचं माप पडद्यावर काढायचं तर माहीत असलेल्या मापाची धातूची गोळी हाडाच्या उंचीवरच ठेवावी, टेबलावर ठेवली तर माप चुकतं. बॅटरी दिवसभर पुरते.

कोणी असा पॅनल घेणार असेल तर प्रात्यक्षिकाला स्क्रू घट्ट बसवलेलं हाड न्या. ते पाण्याच्या पसरट भांड्यात बुडवून मूळ प्रीसेटवर एक फोटो काढायला सांगा आणि स्क्रूंची कड बघा. काळी दिसली, तर ती तिथल्या तिथे, तुमच्या समोर घालवून दाखवायला सांगा, आणि मूळ डेटा किती दिवस राहतो ते लिहून घ्या.