मार्चमधले पक्षी: पाषाण तलाव की वेताळ टेकडी?

हिवाळी पाहुणे परतीच्या वाटेला लागतात त्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात पाषाण तलावावर जावे की वेताळ टेकडीवर, असे कोणी विचारल्यास मी टेकडीकडे झुकतो. मध्य आशियाकडे निघण्यापूर्वी भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे पळस, पांगारा आणि काटेसावरीच्या फुलांवर तुटून पडतात. मकरंदासाठी फुलात खुपसलेले डोके बाहेर आले की कपाळाला चिकटलेले पराग दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. तलावावरची बरीच बदके तोवर निघून गेलेली असतात आणि उरलेली जलपर्णीआड (तिच्याविषयी न बोललेलेच बरे) दडतात. मात्र विणीच्या गडद रंगात येऊ लागलेला पिवळा धोबी हा छोटा पक्षी निवांत न्याहाळायचा असेल, तर तलावाच्या चिखलाळ काठाला पर्याय नाही, शिवाय तेथे चढही नाही.