सोनामुखीचं चूर्ण आणि इसबगोल, दोन्ही घेऊन बघितलं, माझा अनुभव

बद्धकोष्ठाबद्दल कोणी मोकळेपणी बोलत नाही म्हणून लिहितेय. भांडुप ते सीएसएमटी रोजचा लोकलचा प्रवास, वाटेत बाथरूमची सोय नाही म्हणून सकाळी पाणीच प्यायचं नाही ही सवय लागलेली, त्यात हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चार दिवस पोट साफच होईना. पोट दगडासारखं, भूक नाही, डोकं जड.

शेवटी दादरला एका काष्ठौषधीच्या दुकानातून चूर्णाचं पाकीट आणलं. पुढे मोठ्या अक्षरात ‘संपूर्ण नैसर्गिक, रोज रात्री एक चमचा’ आणि मागे एकदम बारीक अक्षरात सोनामुखी, हिरडा, बडीशेप, सैंधव. चव कडू-तुरट, जिभेवरून लवकर जात नाही. रात्री दहाला कोमट पाण्यातून घेतलं आणि पहाटे पाचला असा मुरडा आला की पोट धरून बसले, पण पोट मोकळं झालं एकदाचं. सोनामुखीला सहा ते बारा तास लागतात, त्यामुळे रात्रीच घ्यायचं. दुसऱ्या दिवशी अर्धाच चमचा घेतला तर कळ पण कमी आली.

राग आला तो त्या ‘रोज रात्री’चा. किती दिवस घ्यायचं ते पाकिटावर कुठेच नाही. सोनामुखी म्हणजे आतड्याला ढोसून काम करायला लावणारं औषधच आहे, झाडपाला असला म्हणून काय झालं, स्वतःच्या मनाने आठवड्यापेक्षा जास्त घ्यायचं नसतं. माझ्या आईला बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे, तिने पण मागितलं तेव्हा डॉक्टरांना फोन केला, ते सरळ नको म्हणाले, दोन्ही मिळून अंगातलं पोटॅशियम उतरू शकतं. हे पाकिटावर छापायला काय जातं?

तिसऱ्या दिवसापासून इसबगोलवर आले. त्याच दुकानातला सुटा भुसा, दुकानदार म्हणाला माल गुजरातचा, उंझ्याचा. हे हळू काम करतं, मला दीड दिवस लागला, पण कळ अजिबात नाही. भुसा पाणी शोषून फुगतो आणि मळ मऊ होतो, बस एवढंच. ग्लासात टाकून ढवळला की लगेच प्यायचा, फोन आला म्हणून दोन मिनिटं ठेवला तर खळ झाली होती, ओतून द्यावी लागली. आणि वरून अजून एक ग्लास पाणी हवंच, कमी पाण्यात घेतला तर घशात अडकू शकतो. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

चूर्णाला पाचपैकी तीन, इसबगोलला साडेचार. पण पोटात खूप दुखतंय, उलट्या होतायत, गॅसही सुटत नाहीये किंवा रक्त पडतंय तर यातलं काहीही न घेता आधी डॉक्टर गाठा, प्लीज.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलून दिल्यात. ऑफिसला पोचल्या पोचल्या आता आधी पाण्याची बाटली संपवते. चूर्णाच्या पाकिटावर मार्करने ‘फक्त दोन-तीन दिवस, आईला नाही’ असं लिहून वरच्या फळीवर ठेवलंय.