व्हेरो ई६ की कॅलू-३?

सार्स-कोव्ह-२ या कोविडच्या विषाणूवर नव्याने काम सुरू करणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न: कोणत्या पेशी वाढवू?

सोय बघशील तर व्हेरो ई६. मूळ व्हेरो पेशी १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढल्या. भराभर वाढतात, विषाणूला रोखणारं इंटरफेरॉन हे प्रथिन बनवत नाहीत, म्हणजे विषाणूला रान मोकळं. कॅलू-३ माणसाच्या फुफ्फुसाच्या कर्करोगातल्या. वाढायला भलत्याच संथ.

खरा फरक दारात आहे. विषाणू ज्याला चिकटतो ते एसीई२ हे प्रथिन दोन्हींवर असतं. पण कॅलू-३ वर टीएमपीआरएसएस२ हे विकरही (एन्झाइम) असतं. ते विषाणूच्या काट्याचं (स्पाइक) प्रथिन पृष्ठभागापाशीच कापतं आणि विषाणू थेट आत. व्हेरोत ते जवळपास नाहीच. तिथे पेशी विषाणूला पिशवीत गिळते आणि तिथल्या आम्लात कॅथेप्सिन एल हे दुसरं विकर कापणी करतं. मलेरियावरचं क्लोरोक्विन नेमकी ती आम्लता घालवतं, म्हणून व्हेरोत ते रामबाण वाटलं. २०२० मध्ये कॅलू-३ मध्ये तपासलं तर काडीचा उपयोग नाही! शिवाय व्हेरोत पुन्हा पुन्हा वाढवलेला विषाणू काट्यावरची फ्युरिन या विकराची कापायची जागाच गमावू लागतो.

साठा करायचा, विषाणू किती ते बघायला रंगवलेल्या पेशींच्या जांभळ्या थरातले, पेशी मेलेल्या जागांचे पांढरे ठिपके मोजायचे, तर व्हेरो. फक्त साठ्याचा जनुकक्रम तपास. औषध किंवा प्रवेशाचा मार्ग अभ्यासायचा असेल तर कॅलू-३च.